मुलांना घेऊन मशिदीत: कधी जावं, कसं जावं आणि नमाजाला थांबावं का

ग्वाल्हेरच्या मराठी घरांना पीर आणि दर्गे नवे नाहीत. महादजी शिंद्यांनी बीडच्या मन्सूर शाहांना गुरू मानलं, आणि ग्वाल्हेरच्या गोरखी वाड्यातला त्यांचा उरूस शिंदे घराण्याने आजवर सोडलेला नाही. तानसेन समारोहाची सुरुवातसुद्धा ढोलीबुवांच्या हरिकथेने आणि मिलादने (पैगंबरांच्या स्तुतीने) होते, कबरीवर चादर चढते, आणि मग गाणं. त्यामुळे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात वाढलेल्या मुलाला चादर, लोबान, गुलाबाच्या पाकळ्या हे सगळं ठाऊक असतं. ठाऊक नसते ती मशीद. दिवसातून पाचदा अजान ऐकत म्हातारी झालेली माणसंही कधी आत गेलेली नसतात. मग एखाद्या दिवशी शेजारचे खानसाहेब म्हणतात, "निकाह मस्जिद में है, बच्चों को लेकर आइए," किंवा शाळेत 'आपल्या शहरातली प्रार्थनास्थळं' असा प्रकल्प येतो, आणि घरात चर्चा सुरू होते. न्यायचं का? मुलगी चार वर्षांची आहे, गप्प बसेल का? मला आत येऊ देतील का?

दर्ग्याची सवय इथे उपयोगी पडत नाही, उलट थोडी आड येते. दर्ग्यात आपण सवडीने जातो, फूल वाहतो, हात जोडतो, शिरणी घेतो, निघतो. मशिदीत वाहायचं काही नसतं, घ्यायचं काही नसतं, प्रदक्षिणा नसते, मूर्ती नसते, कबर असलीच तर बाजूला अंगणात. मशीद चालते घड्याळावर. त्यामुळे मूल किती वर्षांचं आहे यापेक्षा तुम्ही कोणत्या अर्ध्या तासात आत शिरता, याला जास्त महत्त्व आहे. बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

आधी जागा ठरवा

पहिल्याच खेपेला चालत्या मशिदीत जायलाच हवं असं नाही. अगदी लहान मुलं असतील तर हजिरा भागातल्या सूफी संत मोहम्मद गौस यांच्या मकबऱ्यापासून सुरुवात करा. १६व्या शतकातली, अकबराच्या काळातली इमारत. चारी बाजूंना दगडी जाळ्या, इतक्या बारीक की मुलं त्यातून बोट घालून बघतात. शेजारीच तानसेनाची साधी कबर, आणि ज्याचा पाला चघळला की गळा गोड होतो म्हणतात ते चिंचेचं झाड. वास्तू पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात, आवार मोठं. मुलांना पळू दे, ओरडू दे. चप्पल काढून आत जाणं, डोकं झाकणं, कबरीजवळ हळू बोलणं याचा सराव इथे फुकटात होतो.

मात्र ही समाधी आहे, मशीद नाही, हे मुलांना सांगून ठेवा, नाहीतर पुढच्या खेपेला "इथे कबर कुठंय?" असा खणखणीत प्रश्न येतो.

मशीद बघायची तर ग्वाल्हेर दरवाज्याजवळ, किल्ल्याच्या पूर्वेकडच्या पायथ्याशी जामा मशीद आहे. १७व्या शतकातली, वालुकाश्मात बांधलेली. गुजरी महालाचं संग्रहालय तिथून जवळच, त्यामुळे मुलांची सकाळ एकत्र जमवता येते. पण खरं सांगायचं तर मुलांसाठी मला ऐतिहासिक मशिदीपेक्षा मोहल्ल्यातली साधी, टाइल लावलेली, पंखे गरगरणारी मशीद बरी वाटते. तिथे कोणीतरी ओळखीचं असतं. ओळखीच्या माणसाचा हात धरून आत गेलेलं मूल आणि पर्यटक म्हणून गेलेलं मूल, यात फार फरक पडतो.

विचारून जा, आणि नेमकं विचारा

मशिदीचा कारभार कमेटी पाहते. कमेटीचे सदर असतात, नमाज पढवणारे इमाम असतात, अजान देणारे मुअज्जिन असतात. बहुतेक वेळा आवारातच राहणारे आणि किल्ल्या सांभाळणारे हे मुअज्जिनच. ओळखीच्या माणसाकडून एक दिवस आधी निरोप द्या. इमामांना 'मौलाना साहब' किंवा 'हाफिज जी' म्हणतात. मुलांनी 'चाचा' म्हटलं तरी कोणी वाईट मानत नाही.

"आम्ही येऊ का?" एवढ्यावर थांबू नका. त्याचं उत्तर नेहमी "ज़रूर आइए" असंच येतं, आणि अडचण दारात कळते. तीन गोष्टी स्पष्ट विचारा. बायका आत येऊ शकतील का, आणि कुठपर्यंत? लहान मुलं बरोबर आहेत, चालेल का? नमाजाच्या वेळी मागे बसलो तर चालेल, की नमाज नसताना यावं?

बायकांचा प्रश्न नाजूक आहे, म्हणून आधीच सांगते. आपल्या भागातल्या पुष्कळ मशिदींत बायका जमातीच्या (सगळ्यांनी मिळून पढायच्या) नमाजाला येत नाहीत, त्या घरी पढतात. काही ठिकाणी त्यांच्यासाठी वेगळा मजला किंवा पडदा असतो. पुण्याच्या एका मुस्लिम दांपत्याने २०१९ मध्ये याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तेव्हा मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने २०२० मध्ये प्रतिज्ञापत्रात म्हटलं की बायकांना मशिदीत नमाजाला मनाई नाही. त्यांनी यावं की घरी पढावं हे त्यांच्यावर आहे. कागदावर हे असं असलं तरी गल्लीतल्या मशिदीत शेवटचा शब्द कमेटीचा. "बहनजी, आप सहन तक आ जाइए" असं म्हणाले तर अंगणात बसा, मुलांना बाबांबरोबर आत पाठवा. दारात वाद घालून मुलांच्या डोक्यात ती एकच आठवण ठेवू नका.

वेळ: इथेच सगळं ठरतं

पाच नमाज: फजर, जोहर, असर, मगरिब, इशा. नुसती मशीद दाखवायची असेल तर सकाळी दहा ते साडेअकरा ही वेळ सोन्यासारखी. आत दोन-तीन म्हातारी माणसं कुराण वाचत असतात, बाकी शांत. मुलांना खांब मोजू द्या, हौजात डोकावू द्या.

शुक्रवारी दुपारी मुळीच जाऊ नका. बारापासून अडीचपर्यंत जुम्म्याची गर्दी असते, रस्त्यापर्यंत रांगा लागतात, खुतबा (इमामांचं प्रवचन) चालू असताना बोलणंही वर्ज्य. पाहुण्यांकडे बघायला कोणाला सवड नसते. रमजानमधल्या रात्रीही टाळा: तरावीहची नमाज लांब चालते, मोठी माणसंच थकतात.

नमाज बघायची असेल तर कोणती? बहुतेक जण असर सुचवतात, कारण वेळ सोयीची: हिवाळ्यात चारच्या पुढे, उन्हाळ्यात सव्वापाच-साडेपाचला. मुलं बरोबर असतील तर मी मगरिब सुचवीन. जोहर आणि असरमध्ये इमाम मनातल्या मनात पढतात. अख्ख्या दालनात चिडीचूप. तुमच्या चार वर्षांच्या लेकीने "आई, ते खाली का वाकले?" असं कुजबुजत विचारलं तरी पहिल्या रांगेपर्यंत जातं. मगरिबला पहिल्या दोन रकातींत (रकात म्हणजे उभं राहण्यापासून कपाळ टेकण्यापर्यंतची एक फेरी) इमाम मोठ्याने पढतात, मुलाच्या कानाला धरायला आवाज मिळतो. शिवाय जमातीच्या फर्ज (सक्तीच्या) रकाती तीनच, असरच्या चार. पाच-सात मिनिटांत जमात आटोपते, आणि पहिल्यांदा आलेल्या मुलाला तेवढं पुरतं.

एक अडचण आहे. मगरिबला अजान झाली की लगेचच जमात उभी राहते. सूर्यास्त डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास आणि जूनमध्ये सव्वासातच्या पुढेमागे, म्हणून त्याआधी वीस मिनिटं तरी पोचा. अजानीनंतर धावतपळत येणाऱ्या लोकांच्या लोंढ्यात मुलाची चप्पल काढत बसायची वेळ येऊ नये.

घरून निघताना

कपडे साधे, अंग झाकणारे. मोठ्यांनी गुडघे दिसतील असं काही घालू नये. पाच वर्षांच्या मुलाच्या हाफ पँटला कोणी हरकत घेत नाही, पण पूर्ण पँट असली तर बरं. बायकांना आणि मुलींना ओढणी. पुरुषांना आणि मुलग्यांना डोक्यावर बांधायला खिशात स्वच्छ रुमाल. नसला तरी बहुतेक मशिदींत दाराजवळ एका टोपलीत प्लास्टिकच्या विणलेल्या जाळीच्या टोप्या ठेवलेल्या असतात, कोणीही घ्याव्या, जाताना परत ठेवाव्या. मुलांना त्या फार आवडतात. एक घालायची, एक काढायची, तिसरी बहिणीला घालायची, हा खेळ आत शिरायच्या आधीच उरकून घ्या.

मोजे स्वच्छ हवेत, कारण सतरंजीवर लोक कपाळ टेकतात. कच्चा कांदा किंवा लसूण खाऊन मशिदीत येऊ नये असं हदीसमध्येच (पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहात) सांगितलं आहे, तेव्हा दुपारच्या भाकरीबरोबरचा कांदा त्या दिवशी राहू द्या. मुलांना शू-शी घरी उरकून घ्या. डायपरचं मूल असेल तर निघण्याआधी ताजा लावा. खाऊ, चिप्सची पुडी, आवाज करणारी खेळणी, पायात छुमछुम वाजणारे पैंजण आणि ते चालताना चीं-चीं करणारे बूट घरीच. बुटांचं मुद्दाम लिहिते आहे, कारण ते बाहेर काढले तरी मूल हातात घेऊन दाबत बसतं.

आदल्या रात्री मुलांना चार हालचाली करून दाखवा: उभं राहणं, कमरेत वाकणं, कपाळ टेकणं, गुडघ्यांवर बसणं. याच क्रमाने त्यांची नावं: कियाम, रुकू, सजदा, कायदा. मुलाने एकदा हे बघितलेलं असलं की प्रत्यक्षात हसू फुटत नाही. न बघितलेल्या मुलाला शंभर माणसं एकदम वाकली की हसू येतंच, त्यात त्याचा दोष नाही.

आत गेल्यावर

चपला कप्प्यात ठेवा, किंवा तळव्याला तळवा लावून एका बाजूला. उजवा पाय आधी टाकण्याची रीत आहे. मुलांना अशी गंमत लक्षात राहते. सलाम करा किंवा नमस्कार, दोन्ही चालतं.

पहिला थांबा वजूखाना, म्हणजे नमाजाआधी वजू करण्याची, हात-तोंड-पाय धुण्याची जागा. ओळीने नळ, समोर बसायला दगडी किंवा सिमेंटचे ओटे. हात मनगटापर्यंत, चूळ, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, शेवटी पाय घोट्यापर्यंत. पाहुण्यांना वजू करावा लागत नाही. पण मुलांना पाणी दिसलं की ती करणारच, म्हणून आधीच "एकदा हात-पाय धुवायचे, नळ बंद करायचा" असं ठरवून घ्या. तिथली फरशी कायम ओली आणि गुळगुळीत असते. पडण्याचा सगळ्यात मोठा धोका इथेच.

आत समोरच्या भिंतीत कोनाडा दिसेल, तो मेहराब. ती भिंत पश्चिमेची, कारण ग्वाल्हेरहून मक्का जवळजवळ सरळ पश्चिमेला आहे. शाळेतल्या मुलाच्या हातात होकायंत्र देऊन त्याला स्वतः ताडून बघू द्या. उजवीकडे पायऱ्यांचं मिंबर, ज्यावरून जुम्म्याचा खुतबा होतो. जमिनीवर आडव्या रेघा किंवा पट्टे, त्या सफा: खांद्याला खांदा लावून उभं राहण्याच्या ओळी. आणि भिंतीवर तो घड्याळांचा फलक. पाच नमाजांची पाच छोटी घड्याळं, सहावं जुम्म्याचं, आणि बाजूला एक खरं चालू घड्याळ. छोट्यांचे काटे हलत नाहीत. वेळ बदलली की मुअज्जिन हाताने फिरवतात. नुकतंच घड्याळ वाचायला शिकलेलं मूल या फलकासमोरून हलायला तयार होत नाही. देवळात घंटा, इथे हे.

दोन गोष्टींत मात्र ढिलाई नको. कुराणाच्या प्रती कपाटात किंवा लाकडी रेहलवर (घडीच्या स्टँडवर) ठेवलेल्या असतात. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि जमिनीवर तर कधीच ठेवायची नाही. दुसरी, नमाज पढणाऱ्या माणसाच्या समोरून जायचं नाही. एकट्याने नमाज पढणारे कोपऱ्याकोपऱ्यात असतात, आणि मूल नेमकं तिथूनच पळतं. मूल समोरून गेलं म्हणून त्यांची नमाज मोडत नाही, लहान पोराला कोणी धरत नाही, पण मोठ्याने जाणं खटकतं. म्हणून मुलाला पकडायला त्याच वाटेने तुम्ही धावू नका. मागून वळसा घाला.

फोटो विचारून, आणि फक्त इमारतीचे. नमाजातल्या माणसाचा फोटो कोणी परवानगी दिली तरी घेऊ नये, असं माझं मत.

नमाज चालू असताना लहान मुलं असावीत का?

हा प्रश्न आपल्या घरांतच पडतो असं नाही. मुस्लिम घरांतही यावर वर्षानुवर्षं वाद आहे, आणि दोन्ही बाजूंना आधार आहे.

मुलं हवीत म्हणणारे पैगंबरांच्या आठवणी सांगतात, आणि त्या इतक्या घरगुती आहेत की मुलांनाही सांगाव्यात. ते नात उमामाला कडेवर घेऊन नमाज पढत. सजद्याला जाताना खाली ठेवत, उठताना पुन्हा उचलून घेत. मूल रडताना ऐकू आलं की आईचा जीव वरखाली होईल म्हणून नमाज आवरती घेत. एकदा खुतबा चालू असताना हसन आणि हुसैन हे नातू लाल सदरे घालून अडखळत येताना दिसले, तेव्हा खुतबा थांबवून ते मिंबरावरून उतरले आणि दोघांना उचलून आणलं. मुलांना मशिदीपासून लांब ठेवा असं सांगणारी एक हदीस लोक पुढे करतात, पण ती सांगत आलेल्या माणसांची साखळी हदीसच्या अभ्यासकांनी कमकुवत ठरवली आहे.

दुसरी बाजू आहे व्यवहाराची. नमाजासाठी जागा पाक, म्हणजे शुद्ध, असावी लागते. ज्या पोराला शू कळत नाही, त्याला आत आणणं हनफी परंपरेत (इस्लामी नियमांच्या एका शाखेत) योग्य मानत नाहीत, आणि आपल्याकडच्या बहुसंख्य मशिदी हनफी. मुलांना नमाजाला लावावं ते सातव्या वर्षी, सक्तीने बघावं ते दहाव्या वर्षी, असंही हदीसमध्ये आहे. म्हणजे चार वर्षांच्या मुलाकडून कोणाचीच काही अपेक्षा नाही. रांगांचीही रीत आहे: पुढे पुरुष, मागे मुलगे. त्यातली गोम कोणत्याही मशिदीत बघायला मिळते. मागच्या रांगेत एकत्र उभी केलेली आठ पोरं एकमेकांना कोपर मारतात, एक हसतो, सगळे हसतात, आणि सलाम फिरवून नमाज संपल्याबरोबर एखादे बुजुर्ग मागे वळून खडसावतात. त्यापेक्षा प्रत्येक मुलाला बापाशेजारी उभं करा, असं सांगणारे मौलानाही आहेत. मला त्यांचं पटतं.

आता पाहुण्यांचं. आपलं मूल नमाजी नाही, बघणारं आहे, म्हणून आपली जबाबदारी थोडी जास्त. माझा हिशेब असा. तीन वर्षांखालच्या मुलाला नमाज नसताना मशीद दाखवा आणि घरी या. अंगावरचं बाळ मात्र वेगळं. ते झोपलेलं असेल तर बापाच्या खांद्यावर मागच्या बाजूला चालतं. तीन ते सहा हा खरा अडनिडा टप्पा. इथे मगरिबच, दाराजवळच, आणि एका मुलामागे एक मोठं माणूस. दोन मुलं आणि एकटी आई, असा बेत करू नका. सात-आठपासून पुढे कुठलीही रोजची नमाज चालेल. अशी मुलं मोठ्यांपेक्षा शांत बसतात. दहा-बाराच्या मुलाला कंटाळा येईल आणि तो चेहऱ्यावर दाखवील, त्याला घड्याळाचं किंवा होकायंत्राचं काम द्या.

बसायचं कुठे? शेवटच्या रांगेच्याही मागे, दाराच्या बाजूच्या भिंतीला पाठ टेकून. रांगांच्या मधे नाही, कारण जमात उभी राहिली की उशिरा आलेले लोक मागे नवी सफ धरतात आणि तुम्ही अडकता. आपण नमाजात सामील व्हायचं नाही, हात जोडून उभंही राहायचं नाही, नुसतं बसायचं. तुमच्या मुलाने मात्र बघून बघून कपाळ टेकलं तर त्याला ओढू नका. नमाजानंतर कोणीतरी त्याच्या गालाला हात लावून "माशाल्लाह" म्हणेल, आणि विषय संपेल. ज्या आजी-आजोबांना याची धास्ती वाटते त्यांनी हे आधीच बोलून घ्यावं, आवारात नको.

बिनसलं तर

रडायला लागलं तर गप्प करायचा प्रयत्न तिथेच करू नका. उचला आणि सहनात या. दाराजवळ बसायचं कारण हेच.

सतरंजीवर शू झाली तर? लपवू नका. पुसून, वर रुमाल टाकून निघून जाण्याचा मोह होतो. पण त्या जागेवर लोक नमाज पढणार, आणि ती पाक नाही हे त्यांना माहीत असणं भाग आहे. मुअज्जिनांना हळूच जागा दाखवा. ते पाणी ओतून धुतील, सतरंजी उन्हात टाकतील. अशी वेळ त्यांच्यावर पहिल्यांदा आलेली नसते.

कोणी रागावलं, तर बहुधा ते एखादे बुजुर्ग असतील, इमाम नव्हेत. "माफ़ कीजिए चाचा," म्हणून बाहेर या. मुलासमोर त्यांची बाजू घ्यायची की मुलाची, हे प्रसंग बघून ठरवा. मी मुलाला एवढंच सांगते की त्यांचं लक्ष मोडलं म्हणून ते चिडले.

निघताना

दानपेटी असते, टाकले तर टाका, कोणी मागत नाही. प्रसाद म्हणून काही मिळत नाही हे मुलांना आधी सांगितलं नसेल तर दारात हट्ट होतो, तेव्हा खाऊ गाडीत ठेवा. ज्यांनी निरोप पोचवला त्या शेजाऱ्यांना आणि मुअज्जिनांना भेटून निघा. पुढच्या वेळी शेजाऱ्यांच्या मुलांना गणपतीला बोलवाल, तेव्हा त्यांच्या आईलाही असेच प्रश्न पडतील: आरतीला थांबायचं का, हात जोडायचे का, प्रसाद घ्यायचा का. तिने विचारायची वाट न बघता आपणच सांगून टाकावं.

ईदच्या सकाळी मात्र मशिदीत किंवा ईदगाहात मुलांना बघायला म्हणून नेऊ नका, गर्दीत हात सुटतो. अकराच्या पुढे सरळ त्यांच्या घरी जा. तोवर शेवया तयार असतात.